पंपाच्या पेटीत पहिला नंबर कुणाचा आहे?

विजापूर_रोड (धागा काढणारी)

नमस्कार मंडळी.

मी जुळे सोलापुरात राहते. आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीची दोन वर्षं सचिव आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं ते सगळं सविस्तर लिहिते. आमच्याकडे फोनवरून पंप चालू-बंद करणारी जी पेटी आहे तसलीच आपल्या शहरात कितीतरी इमारतींत आहे, आणि तालुक्यातल्या विहिरी-बोअरवर तर त्याहून जास्त.

आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. आलं की खालचा हौद भरून घ्यायचा आणि तेवढ्यावर पुढचे दिवस काढायचे. पूर्वी पंप चालू-बंद करायला वॉचमनकाका होते. ते गावी गेल्यावर कमिटीने मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत एक सिम, त्यात पाच नंबर साठवायचे, त्यातल्या कुठल्याही नंबरवरून मिसकॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद. लाईट गेली-आली की पेटी स्वतःहून फोन करून सांगते. सोय उत्तम होती, मीच सगळ्यांत आधी हो म्हटलं होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी हौद काठोकाठ भरला होता. झाकण उचलून मी स्वतः बघितला होता. गुरुवारी पहाटे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. "रात्रभर गच्चीवरून पाणी पडल्याचा आवाज येत होता गं, आत्ता थांबलाय," म्हणाल्या. खाली गेले तर पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी, गेटबाहेर रस्ताभर ओहोळ, आणि पंपाच्या खोलीचं दार उघडलं तर जळक्या वार्निशचा वास. हौदाच्या तळाशी चार बोटं गाळ उरला होता. सगळं पाणी वरच्या टाकीतून वाहून गेलं आणि हौद संपल्यावर मोटर कोरडी फिरत राहून वाइंडिंग जळालं. पाणी यायला चार दिवस होते. ४८ घरं, त्यात दोन बाळंतिणी आणि एक डायलिसिसचे काका. पुढचे चार दिवस टँकरवर काढले.

पहिला संशय अर्थातच माणसांवर. पोरांनी खेळता खेळता बटण दाबलं असेल, अमक्याने मुद्दाम केलं असेल, ग्रुपवर नको नको ते बोलणं झालं. कॅमेऱ्यात पाहिलं तर रात्री पंपाच्या खोलीकडे कुणीही फिरकलेलं नव्हतं. मग पेटीतल्या सिमवर आलेल्या फोनची यादी काढली. रात्री दोन चौदाला एक फोन आलेला होता. नंबर आमच्यापैकी कुणाचाच नव्हता, पण पेटीच्या यादीत तो पहिलाच होता.

त्या नंबरवर मी दुपारी फोन लावला. नांदेडकडच्या एक बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "ताई, चार महिने झाले, या नंबरवरून मला वेळी-अवेळी फोन येतोय. उचलला की कसलीतरी टेप वाजते. रोज कट करते. पण त्या रात्री लागोपाठ तीनदा आला. मुलगा बाहेरगावी शिकायला आहे, रात्रीचा फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं, म्हणून उलटा लावला. कुणी बोललं नाही, मग ठेवून दिला."

त्यांनी लावलेल्या त्या एका फोनने आमची मोटर चालू झाली होती.

उलगडा असा: पेटी बसवणाऱ्याने तपासणीसाठी स्वतःचा नंबर पहिला घातला होता. पहिला नंबर म्हणजे मुख्य, त्याच्यावरून बाकीचे नंबर घालता-काढता येतात. पुढे त्याने ते सिम बंद केलं. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस थांबून कंपन्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, तसा तो या बाईंना मिळाला. त्यात पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आलेला, १२३४, तसाच होता. कोरडी मोटर बंद करणारी सोय होती, पण उन्हाळ्यात व्होल्टेज कमी पडलं की ती उगाच ट्रिप व्हायची म्हणून कुणीतरी बंद करून ठेवलेली. टाकी भरली की पंप थांबवणाऱ्या, वरच्या टाकीतल्या फ्लोटची वायर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी तुटली, ती तशीच राहिली.

म्हणजे यात चोर नाही, हॅकर नाही, कुणाची वाईट इच्छासुद्धा नाही. आणि हेच माझ्या मनातून जात नाही. एका घाबरलेल्या आईच्या फोनने जर ४८ घरांचं पाणी जात असेल, तर ज्याला खरंच नुकसान करायचंय त्याला किती सोपं आहे! वॉचमनकाकांकडे पंपाची चावी होती तेव्हा ती कुणाकडे आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आता चावी नांदेडला होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग मी घाबरून बाकीचं तपासायला घेतलं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी: तीन वर्षांपूर्वी फ्लॅट विकून गेलेल्या जुन्या सचिवांच्या मोबाईलवर आमचं गेट, जिना, पार्किंग अजून दिसतं. त्यांनाही ते लक्षात नव्हतं, विचारल्यावर बिचारे ओशाळले. गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर वायफायवर आहे आणि त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आमच्याकडे नाही. गेटवर ये-जा नोंदवायचं अॅप वेगळंच.

आपलं सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांच्या यादीत आलं. दिवे, कॅमेरे, पाणी, सगळीकडे हळूहळू सेन्सर आणि सिम येणार आहेत, काही आलेही आहेत. मला त्याला विरोध करायचा नाही. पण तुमच्या इमारतीत, गल्लीत, गावात अशा वस्तूंच्या चाव्या कुणाकडे आहेत, हे कुणी तपासलंय का? आणि जाणकारांनी सांगावं, शहराच्या पाण्याच्या बाबतीत काय होऊ शकतं?

---

चाटीगल्लीकर

ताई, वाचून लगेच दुकानातला डीव्हीआर बघितला. आधीच्या भाडेकरूचा मोबाईल जोडलेला आहे. दोन वर्षं त्याला माझा गल्ला दिसत होता. काढून टाकला. आभार.

---

शेळगीचा_वायरमन

ताई नमस्कार. मी बारा वर्षं झालं हेच काम करलालोय, मोबाईल स्टार्टर, पॅनल, सबमर्सिबल. तुमची पेटी मी बसवलेली नाही, पण खरं सांगतो, मी पण पहिला नंबर माझाच घालतो. का घालतो ते सांगतो. पेटी बसवली की आठ दिवसांनी रात्री अकराला मालकाचा फोन येतो, मोटर चालू होईना. तीस किलोमीटर गाडी मारून जायचं, बघायचं तर सिमचा रिचार्ज संपलेला. माझा नंबर असला की घरबसल्या कळतं लाईट आहे का, फेज तीन आहेत का. मालकाचाच फायदा. यात वाईट हेतू नसतो हो.

पण नंबर बंद करताना कुठल्या कुठल्या पेटीत तो आहे याची यादी आम्ही ठेवत नाही. हे तुमचं वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. माझाच जुना नंबर होता, २०२१ ला बंद केलाय. मंद्रूप, वळसंग, बोरामणी, कुठं कुठं असेल काय माहीत. कालपासून एकेका गिऱ्हाइकाला फोन करलोय.

एक अजून. सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. घाईत लोक म्हणतात तुझ्याच नावावर घे. मग ते सिम आमचं, पेटी तुमची. उद्या आम्ही नाही राहिलो तर तुम्हाला ते सिम चालू पण ठेवता येत नाही अन् बंद पण करता येत नाही.

आणि पॅनलमध्ये ऑटो-मॅन्युअल असा फिरवायचा स्विच असतो, तो गंजू देऊ नका. महिन्यातून एकदा मॅन्युअलवर टाकून हातानं मोटर चालवून बघायची. शंभरातल्या ऐंशी ठिकाणी तो स्विच जाम झालेला असतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

---

निवृत्त_पाणीपुरवठा

ताईंचा प्रश्न शहराच्या पाण्याबद्दल आहे म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. मी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात अभियंता म्हणून काढलं. सोलापूरबाहेरच्या योजनांवरच जास्त काम झालं आणि आपल्या शहराच्या आजच्या यंत्रणेच्या आतल्या गोष्टी इथे लिहिणं बरं नव्हे, तेव्हा सर्वसाधारण बोलतो.

मोठ्या योजनेत तुमच्या पेटीचा थोरला भाऊ असतो, त्याला पीएलसी म्हणतात. टाकीची पातळी, पाईपमधला दाब, प्रवाह हे तो मोजतो आणि ठरवून दिल्याप्रमाणे पंप, व्हॉल्व्ह, क्लोरीनची मात्रा सांभाळतो. असे अनेक पीएलसी एका पडद्यावर आणून बसवले की ते स्काडा. ही यंत्रं आपसात ज्या भाषेत बोलतात त्यातली सर्वांत पसरलेली भाषा मोडबस, १९७९ सालची. त्या काळी सगळी यंत्रं एका खोलीत एका वायरवर असायची, त्यामुळे "तू कोण" असं विचारायची पद्धतच त्या भाषेत ठेवलेली नाही. वायरीवरून हुकूम आला की तो पाळायचा. खोलीला कुलूप होतं तोवर हे ठीक होतं. पुढे दुरुस्तीच्या सोयीसाठी आम्हीच त्या खोलीत इंटरनेट आणलं.

"आणलं तर काय होईल" याची तीन उदाहरणं देतो.

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातलं अलिक्विपा नावाचं छोटं गाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या दाब वाढवणाऱ्या पंपिंग स्टेशनचा पीएलसी बाहेरच्या लोकांनी ताब्यात घेतला. यंत्र थेट इंटरनेटवर होतं. त्या जातीच्या यंत्रांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड होता ११११. ताईंच्या पेटीत आणि त्यात फरक तेवढाच. अलार्म वाजला, कर्मचारी स्टेशनवर गेले, यंत्रणा बाजूला करून पंप हाताने चालवले आणि पाणी सुरू राहिलं.

दुसरं फ्लोरिडातलं ओल्डस्मार, फेब्रुवारी २०२१. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण हलला आणि पाण्यात घालायच्या सोडियम हायड्रॉक्साइडची (कॉस्टिक सोड्याची) मात्रा दहा लाख भागांत १०० वरून ११,१०० झाली. त्याने ती लगेच खाली आणली. जगभर हल्ला म्हणून गाजलं. पुढे २०२३ मध्ये तिथल्या त्या वेळच्या व्यवस्थापकानेच सांगितलं की हा बाहेरचा हल्ला नसून आतल्याच माणसाची चूक असावी. मला ही दुरुस्ती मूळ बातमीपेक्षा मोलाची वाटते. चूक असो की हल्ला, एका बोटाने मात्रा शंभरपटीहून जास्त वाढू शकत होती आणि ते थांबवणारा पडद्यासमोर बसलेला माणूसच होता.

तिसरं जुनं, ऑस्ट्रेलियातलं मरूची, साल २०००. सांडपाण्याचे पंप रेडिओवरून चालायचे. ती यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत पूर्वी कामाला असलेल्या माणसाने पालिकेत नोकरी मागितली, मिळाली नाही. गाडीत लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन तो महिनाभराहून जास्त काळ हिंडत राहिला आणि सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत आणि नदीनाल्यांत सोडला. त्याला दोन वर्षांची कैद झाली. सुरुवातीला तिथल्या लोकांना वाटत होतं की नवी यंत्रणा आहे, रुळेपर्यंत असं होणारच. ठेकेदाराचा माणूस गेला पण त्याचं ज्ञान आणि त्याची वाट त्याच्याबरोबर राहिली, हे तिथं चुकलं.

आता आपल्याकडे बघा. उजनीहून सोलापूरला पाणी यायला सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी आहे. इतक्या लांब पाईपमधलं पाणी म्हणजे धावती मालगाडी. पुढचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला किंवा पंप अचानक थांबला तर दाबाची लाट उलटी धावते. त्याला वॉटर हॅमर म्हणतात, आणि त्याने जाड लोखंडी पाईप फुटतो. म्हणून व्हॉल्व्ह किती सेकंदांत बंद व्हावा हे आम्ही जपून ठरवायचो. कुठल्याही लांब जलवाहिनीवर हा आकडा जर कुणाला दुरून बदलता येत असेल, तर त्या योजनेचा पाईप त्याच्या हातात आहे. अशा ठिकाणी माझं म्हणणं नेहमी एकच असायचं: दुरून बघता येऊ द्या, दुरून फिरवता येऊ देऊ नका. मापं बाहेर जावीत, हुकूम आत येऊ नयेत. आणि वेगाला यांत्रिक लगाम असावा, गिअरच असा असावा की व्हॉल्व्ह त्याहून लवकर बंदच होणार नाही. मग पडद्यावर कुणी काहीही लिहो.

क्लोरीनचंही तेच. सेन्सर सांगतोय सगळं ठीक, आणि नळाला क्लोरीनच नाही, असं झालं तर चार दिवसांनी गॅस्ट्रोचे रुग्ण दिसायला लागतील, तोवर कळणार नाही. यावरचा उपाय आपल्या ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षकांच्या हातात कधीचा आहे. ओटी टेस्ट. परीक्षानळीत नळाचं पाणी, त्यात औषधाचे थेंब, रंग पिवळा झाला की क्लोरीन आहे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवा. ती छोटी पेटी हॅक करता येत नाही. स्मार्ट सेन्सर बसले म्हणून ओटी टेस्ट बंद करणारा अधिकारी मला दिसला तर मी त्याच्याशी भांडेन, निवृत्त झालो असलो तरी.

---

पूर्वभाग

सगळ्यांचा मान राखून लिहितो. आमच्या गल्लीत पाणी कधी पाच दिवसांनी, कधी सहा. येतं तेव्हा रात्री दोनला. बायका जागून भरतात आणि सकाळी परत विड्या वळायला बसतात. चौकात व्हॉल्व्ह गळतोय, तक्रार देऊन महिने झाले. अशा ठिकाणी हॅकरची भीती कुणाला घालता? आधी पाईप नीट करा. सेन्सरला पैसे आहेत आणि वॉशरला नाहीत, हे आम्हाला समजत नाही.

---

विजापूर_रोड

दादा, तुमचं खरं आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. मला उलट वाटतं की तुमचा गळका व्हॉल्व्ह आणि माझी पेटी यांचं दुखणं एकच आहे. तुमच्या व्हॉल्व्हची जबाबदारी कुणाची हे कुणी सांगत नाही, माझ्या पेटीतल्या नंबरची जबाबदारी कुणाची हेही कुणाला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र विचारात घ्या. ज्यांच्याकडे बोअर आहे, टँकरचे पैसे आहेत, त्यांचं यंत्रणा बंद पडली तरी चार दिवस निभतं. आमचं निभलं. तुमच्या गल्लीत सहा दिवसांनी येणारं पाणी यंत्राच्या घोटाळ्याने एक पाळी चुकलं तर ते बारा दिवसांवर जातं. म्हणून ही भीती तुमच्या गल्लीची जास्त आहे, आमची कमी. चौकात पाणी सोडायला येणारा चावीवाला उद्या काढला आणि तिथे मोटरचा व्हॉल्व्ह बसवला, तर तो अडकल्यावर हाताने उघडायची चावी कुणाकडे असेल, हे आधी विचारून घ्या, लेखी घ्या.

---

पूर्वभाग

चावीवाल्याचं पटलं. आमच्या इथला चावीवाला तीस वर्षं आहे, कुठल्या गल्लीत उतार कुठं ते त्याला पाठ आहे. ते कुठंच लिहिलेलं नाही. त्याच्याकडून ते वहीत उतरवून घेतो.

---

मीरा_पुणे

माहेर सोलापूर, नोकरी पुण्यात, काम सायबर सुरक्षेचं. निवृत्त काकांनी पाण्याचं इतकं नेमकं लिहिलंय की त्यात भर घालायची गरज नाही. मी कॅमेऱ्यांबद्दल बोलते, कारण माझ्या अनुभवात घराघरातलं सगळ्यात मोठं भोक तेच आहे.

२०१६ मध्ये मिराई नावाचा एक प्रोग्राम पसरला. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती. तो इंटरनेटवर दिसेल त्या कॅमेऱ्याचं, डीव्हीआरचं, राउटरचं दार त्या यादीने वाजवत जायचा. उघडलं की ते यंत्र त्याच्या फौजेत दाखल. त्याच ऑक्टोबरमध्ये या फौजेने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या एका कंपनीवर एकदम धाड घातली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेऱ्यात चित्र नीट दिसत होतं. चाटीगल्लीकर, तुमच्या गल्ल्यावरचा डीव्हीआरही असा कुणाच्या तरी फौजेत असू शकतो. फक्त जुना मोबाईल काढून भागणार नाही, पासवर्ड बदला आणि राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडी ठेवलेली असेल तर ती बंद करून घ्या.

राजकोटचं प्रकरण आठवत असेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्या डीव्हीआरचा पासवर्ड अॅडमिन१२३ होता, असं तपासाच्या बातम्यांत आलं. त्या बायकांना काय वाटलं असेल याचा विचार केला की माझ्या हातापायातलं बळ जातं.

एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात इंटरनेटवर चालणारे नवे कॅमेरे सरकारमान्य प्रयोगशाळेत सुरक्षेसाठी तपासल्याशिवाय विकता येत नाहीत. नवा घेताना दुकानदाराला त्याबद्दल जरूर विचारा. पण भिंतीवर आधीपासून टांगलेले जुने कॅमेरे या नियमाने सुधारत नाहीत, ते आपणच बघायचे.

आणि संस्थांसाठी: एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना सायबर हल्ल्यासारखा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. असे हल्ले महाराष्ट्रातही झालेले आहेत. पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर फेब्रुवारी २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला होता. नगरसेवकांना, आयुक्तांना आपण नागरिक म्हणून विचारू शकतो: आपल्या यंत्रणेची शेवटची सुरक्षा तपासणी कधी झाली? ठेका संपल्यावर ठेकेदाराचे पासवर्ड कोण बंद करतं? उत्तरात तांत्रिक तपशील नको, तारीख आणि हुद्दा पुरेसा आहे.

---

होम_मैदान

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला मी दरवर्षी स्वयंसेवक असतो, म्हणून एक विचारतो. हल्ली गर्दीत सूचना द्यायचे भोंगे, कॅमेरे वायरलेस असतात. हे कुणी बाहेरून वाजवू शकतं का? नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चुकीची सूचना गेली तर चेंगराचेंगरी होईल.

---

मीरा_पुणे

होऊ शकतं. अमेरिकेत डॅलसमध्ये एप्रिल २०१७ मध्ये रात्री बाराच्या सुमारास वादळाचे १५६ भोंगे एकदम वाजले. कुणीतरी रेडिओवरून तो इशारा नुसता पाठवला होता. लोकांनी घाबरून इतके फोन केले की मदतीची लाईन तुंबली. मिरवणुकीसाठी आधीच ठरवून ठेवा की भोंग्यावर काहीही ऐकू आलं तरी रस्ता मोकळा करायचा की नाही हे कोण सांगणार. तो माणूस मानकऱ्यांच्या आणि पोलिसांच्या ओळखीचा हवा, गर्दीत उभा दिसायला हवा. नंदीध्वजाची काठी धरणाऱ्यांना त्याचा आवाज ओळखता आला पाहिजे.

---

सई_होटगी_रोड

कुणी गेटच्या अॅपबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाईल, येण्या-जाण्याच्या वेळा सगळं त्यात जातं. त्यांना कुणी विचारलं नाही. मागच्या महिन्यात कमिटीतल्या एकांनी त्या वेळा काढून दाखवल्या आणि त्यांचे पैसे कापायला सांगितले, म्हणे रोज वीस मिनिटं उशिरा येतात. मावशी रडत माझ्याकडे आल्या. त्या दोन बस बदलून येतात. त्यांनी विचारलं, "वहिनी, माझा फोटो कुठं कुठं गेलाय?" मला उत्तर देता आलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाची संमती घ्यायला सांगितलंय, हे मी कमिटीत बोलले. तेव्हा मला सांगितलं, तो कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. चोरीला जाण्याआधीच आपल्यातलाच कुणी अशी माहिती वापरतो, तेही सुरक्षेतच मोजायला पाहिजे ना?

---

विजापूर_रोड

सईताई, मोजायलाच पाहिजे. तुमचा प्रतिसाद मी आमच्या सभेत जसाच्या तसा वाचून दाखवला.

काल रविवारी सभा झाली. काय ठरलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर होईल.

पेटीचं सिम सोसायटीच्या नावावर करून घेतलं. पहिला नंबर अध्यक्षांचा, दुसरा माझा, बाकी तीन मजल्यांवरचे. बसवणाऱ्याचा नंबर यादीतून काढला. त्यांना पेटी बघायची असेल तेव्हा आम्ही घालू आणि काम झाल्यावर काढू, त्यांनाही ते पटलं. १२३४ बदलला. नवा पासवर्ड, डीव्हीआरचा, इन्व्हर्टरचा आणि राउटरचा, असे चार कागद बंद पाकिटात खजिनदारांकडे. कमिटी बदलली की पासवर्ड बदलायचे, हे इतिवृत्तात लिहिलं. कॅमेरे आणि सोलर वेगळ्या वायफायवर टाकले, सभासदांच्या मोबाईलचं वेगळं. फ्लोटची वायर ओढली, कोरडी मोटर थांबवणारी सोय परत चालू केली, व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर बसवायचा खर्च मंजूर झाला. यावर दीड तास वाद झाला, पण झाला.

ऑटो-मॅन्युअल स्विच खरंच जाम होता. वायरमनदादा, तुम्ही म्हणालात तसं. तेल घालून सोडवला. दर महिन्याच्या एक तारखेला एका मजल्याने खाली येऊन हाताने पंप चालवून बघायचा. काल पहिली पाळी आमच्या आजींनी मागून घेतली. स्विच फिरवला, मोटर घुमली, तेव्हा त्यांनी हात जोडले.

गेटच्या अॅपमधल्या मदतनीस बायकांच्या वेळा फक्त सुरक्षारक्षकाला दिसतील, कमिटीला नाहीत, आणि महिन्याने पुसल्या जातील. प्रत्येकीला समोर बसवून सांगायचं काम माझ्याकडे आहे. सहाजणींशी बोलून झालं, पाचजणी राहिल्यात.

सगळं झाल्यावर नांदेडच्या बाईंना फोन केला. म्हटलं, ताई, तुमचा नंबर काढला, आता रात्री-अपरात्री फोन येणार नाही. त्यांना हायसं वाटलं. मग म्हणाल्या, "पण तुमच्याकडं पाणी आलं का?"

---

शेळगीचा_वायरमन

माझ्या जुन्या नंबरच्या एकतीस पेट्या सापडल्या. चोवीस बदलल्या. सात राहिल्या, त्या वळसंगच्या पुढं आहेत, येत्या आठवड्यात जातोय.